परक्या यंत्राची बोली : क्रॉस कंपायलर आणि त्याच्या चुकांचा इतिहास

संगणकाचा इतिहास बहुधा विजयांचा लिहिला जातो. अमुक साली अमुक भाषा जन्माला आली, तमुक साली तमुक यंत्र बाजारात आले, अमक्याने गॅरेजात कंपनी काढली, वगैरे. न चाललेल्या गोष्टींचा इतिहास कोणी लिहीत नाही, कारण न चाललेली गोष्ट दुपारपर्यंत दुरुस्त होते आणि संध्याकाळपर्यंत विसरली जाते. मला मात्र गेली अनेक वर्षे पुण्यात छोट्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या धंद्यात राहून असे वाटू लागले आहे की, जुन्या वास्तूचा पाया जसा भिंतीला तडा गेला की दिसतो, तसा या शास्त्राचा खरा इतिहास त्याच्या चुकांच्या संदेशांत दिसतो. त्यातही एका विशिष्ट कामातल्या चुकांत तो फारच स्पष्ट दिसतो. ते काम म्हणजे क्रॉस कंपायलर बांधणे.

कंपायलर म्हणजे अनुवादक. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम तो यंत्राच्या आकड्यांच्या बोलीत उतरवतो. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची बोली वेगळी. एरवी कंपायलर ज्या यंत्रावर चालतो त्याच यंत्राच्या बोलीत अनुवाद करतो. पण धुलाईयंत्रातल्या किंवा विजेच्या मीटरमधल्या चिपवर कंपायलर चालवायला ना जागा असते, ना पडदा, ना कळफलक. मग तिचा प्रोग्रॅम आपल्या टेबलावरच्या संगणकावर तयार करायचा आणि तिकडे नेऊन भरायचा. एका यंत्रावर बसून दुसऱ्याच यंत्राच्या बोलीत अनुवाद करणारा हा जो अनुवादक, तो क्रॉस कंपायलर. गंमत अशी की, कंपायलर हाही शेवटी एक प्रोग्रॅमच. तो तयार करायला आधी दुसरा कंपायलर लागतो, त्या दुसऱ्याला तिसरा. आधी कोंबडी की आधी अंडे हा प्रश्न इथे शब्दशः सोडवावा लागतो, आणि तोही दर वेळी नव्याने.

या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दिले गेले. केन थॉम्पसनला एक जुने, फारसे कोणी वापरत नसलेले पीडीपी-७ हे यंत्र सापडले. त्याला त्यावर स्वतःची कार्यप्रणाली लिहायची होती. पुढे तीच यूनिक्स झाली. पण त्या यंत्रावर काम करायला हाताशी साधने नव्हती. मग त्याने प्रयोगशाळेतल्या मोठ्या जीई-६३५ यंत्रावर पीडीपी-७च्या बोलीतला प्रोग्रॅम तयार करायची व्यवस्था केली. त्यातून कागदी फीत छिद्रांकित होऊन निघे, ती फीत हातात घेऊन पीडीपी-७पर्यंत चालत जायचे, भरायची आणि काय होते ते बघायचे. कार्यप्रणालीचा गाभा, एक संपादक, एक असेम्बलर, एक साधे शेल आणि दोन-चार किरकोळ आज्ञा एवढे तयार होईपर्यंत ही ये-जा चालली. त्यानंतर मात्र ते यंत्र आपल्या पायांवर उभे राहिले आणि मोठ्या यंत्राची नाळ तुटली. डेनिस रिची यांनी हा सगळा प्रकार पुढे सविस्तर नोंदवून ठेवला आहे. तो वाचताना मला प्रत्येक वेळी त्या फितीचे वाटते. यूनिक्सचे पहिले शब्द परक्या यंत्रावर उच्चारले गेले होते.

त्या पीडीपी-७वरचा असेम्बलर आपले फळ नेहमी एकाच नावाच्या फाइलीत ठेवी : ए.आउट. म्हणजे ‘असेम्बलर आउटपुट’. यापेक्षा नीरस नाव शोधून सापडणार नाही. आज पन्नासहून अधिक वर्षांनी कोणतेही मुक्त सॉफ्टवेअर बांधायला घेतले की पडद्यावर धावणाऱ्या ओळींत सुरुवातीलाच एक ओळ येते, की सी कंपायलर आपल्या फलित फाइलीला आपणहून कोणते नाव देतो ते तपासत आहे. आणि बहुतेक वेळा उत्तर येते, ए.आउट. बोलणाऱ्याला ठाऊक नसते, पण ही ओळ त्या जुन्या यंत्राचा वारसा सांगते. इतिहासाची साधने अशी दिवसातून लाखो वेळा आपल्यासमोरून सरकत जातात.

फिती घेऊन चालत जाण्यात एक सोय होती : दुसरे यंत्र त्याच इमारतीत होते. १९७५च्या सुरुवातीला पॉल ॲलन यांच्याकडे तीही नव्हती. अल्टेअर या छोट्या संगणकासाठी बेसिक ही भाषा तयार करून देतो, असे त्यांनी आणि बिल गेट्स यांनी त्याच्या उत्पादकाला कळवले होते. पण अल्टेअर त्यांनी पाहिलेला नव्हता. ॲलननी हार्वर्डच्या पीडीपी-१० यंत्रावर इंटेल ८०८० या चिपचे सोंग घेणारा प्रोग्रॅम केवळ चिपच्या माहितीपुस्तकावरून लिहिला. त्या सोंगावर बेसिक चालवून पाहिले. मग फीत घेऊन ते विमानाने अल्बुकर्कीला गेले. फीत यंत्रात ओढून घेणारा प्रारंभिक प्रोग्रॅम लिहायचा राहिला होता, तो त्यांनी विमानात हाताने लिहिला. माहितीपुस्तकाचा एक अर्थ चुकला असता तरी सारे फुकट जाणार होते. टेलिटाइपवर ‘मेमरी किती?’ असा प्रश्न उमटला, दोन अधिक दोनचे उत्तर चार आले, आणि एक कंपनी उभी राहिली. ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. ज्या यंत्राला आपण हात लावू शकत नाही त्याच्याविषयी आपल्याला नक्की काय ठाऊक आहे, हा क्रॉस कंपायलरचा मूळ प्रश्न तिथे उघडावाघडा दिसतो.

ऐंशीच्या दशकात या प्रश्नाचे रूप बदलले, कारण यूनिक्सच्या शाखा फुटल्या. प्रत्येक उत्पादकाने आपापले यूनिक्स काढले, आणि सख्ख्या भावांच्या घरांत जशा हळूहळू चालीरीती बदलतात तशा त्यांच्या सवयी वेगळ्या होत गेल्या. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा मुक्त सी कंपायलर प्रसिद्ध केला तेव्हा तो आपल्या यंत्रावर बसवणे हे हातकाम होते. वेगवेगळ्या यंत्रांच्या वर्णनाच्या फाइली सोबत येत. त्यांतल्या योग्य त्या निवडून त्यांना ठरावीक नावांचे दुवे जोडायचे. या फाइलींच्या नावांत एक बारीक खूण होती. काहींच्या नावाची सुरुवात ‘एक्सएम’ने होई, काहींची ‘टीएम’ने. पहिल्या फाइली कंपायलर ज्यावर चालणार त्या यंत्राच्या, दुसऱ्या तो ज्याच्यासाठी लिहिणार त्या यंत्राच्या. म्हणजे ही दोन यंत्रे वेगळी असू शकतात हे गृहीत पहिल्यापासूनच तिथे होते.

हाताने दुवे जोडण्याचा कंटाळा आला तो डेव्हिड मॅकेन्झी यांना. १९९१च्या उन्हाळ्यात ते फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी अनेक लहानसहान साधनांची देखभाल करीत होते, आणि प्रत्येक नव्या यंत्रासाठी द्याव्या लागणाऱ्या सूचनांची यादी लांबतच चालली होती. त्यांनी यंत्राला आपणच प्रश्न विचारून घेणारी एक लिपी लिहिली. पर्लचे जनक लॅरी वॉल यांच्या साधनांत अशी प्रश्नावली आधीही होती, पण ती समोर बसलेल्या माणसाला विचारी. मॅकेन्झींची ‘कॉन्फिगर’ लिपी माणसाला न विचारता थेट यंत्राला विचारू लागली. त्यातून निघालेले ऑटोकॉन्फ हे साधन पुढे जगभर पसरले. त्यामागचा विचार मला अजूनही फार शहाणपणाचा वाटतो : यंत्राला ‘तू कोण?’ असे विचारू नका, ‘तुला काय येते?’ असे विचारा. नावावरून तर्क करू नका, कारण नावे फसवी असतात. एक चिमुकला प्रोग्रॅम लिहा, तो तयार होतो का पाहा, चालवून पाहा, आणि उत्तर टिपून ठेवा.

‘चालवून पाहा’ इथेच घोडे अडते. क्रॉस कंपायलरने तयार केलेला प्रोग्रॅम समोरच्या यंत्रावर चालतच नाही. तो दुसऱ्यासाठी आहे. ज्या परीक्षकाचा सारा भर प्रत्यक्ष प्रचीतीवर आहे त्याला इथे परीक्षार्थीचे तोंडही पाहायला मिळत नाही. तेव्हा लिपी थांबते आणि सांगते की क्रॉस कंपाइल करताना चाचणीचा प्रोग्रॅम चालवता येत नाही. या एका वाक्याने किती अभियंत्यांच्या रात्री गेल्या असतील त्याची मोजदाद नाही.

यातून काढलेल्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. पहिली वाट आकाराची. परक्या यंत्रावर पूर्णांकाला किती जागा लागते हे प्रोग्रॅम न चालवता कसे कळावे? तर कंपायलरला असा प्रोग्रॅम द्यायचा की अंदाज खोटा असेल तर त्यात ऋण लांबीची रांग मागितली जाईल. अशी रांग अशक्य, म्हणून कंपायलर नकार देतो. नकार आला की अंदाज चुकला, होकार आला की बरोबर. होय-नाहीच्या उत्तरांवरून दर वेळी शक्यता निम्म्या करीत लिपी आकड्यापर्यंत पोहोचते. लहानपणी आपण ‘मनात धरलेली वस्तू ओळखा’ हा खेळ खेळायचो, त्याचीच ही जात.

दुसरी वाट अधिक नामी आहे, पण तिला थोडी पार्श्वभूमी हवी. एकापेक्षा अधिक बाइट लागणारी संख्या लिहिताना काही यंत्रे मोठे टोक आधी लिहितात, काही लहान टोक आधी. १९८०च्या एक एप्रिलला डॅनी कोहेन यांनी या भांडणावर एक टिपण लिहिले आणि दोन्ही पक्षांना ‘बिग एंडियन’ व ‘लिटल एंडियन’ ही नावे दिली. ती त्यांनी जोनाथन स्विफ्टच्या गलिव्हरकडून घेतली. लिलिपुटात उकडलेले अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून रक्तपात होतो, तिथून. या भेदामुळे यूनिक्स एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना त्याचे नावच उलटसुलट होऊन ‘नक्सी’ असे छापले गेले, अशी आख्यायिका आहे. तर परके यंत्र यांपैकी कोणत्या पंथाचे, हे न चालवता कसे ओळखायचे? ऑटोकॉन्फ चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये संख्यांच्या दोन रांगा ठेवते. पहिल्या रांगेतल्या संख्या अशा निवडलेल्या असतात की यंत्र मोठ्या टोकाचे असेल तर तयार झालेल्या फाइलीत त्यांची अक्षरे जुळून ‘बिगेन्डियनसिस’ असा शब्द होतो. दुसरीतल्या अशा, की यंत्र लहान टोकाचे असेल तर ‘लिट्लएन्डियन’ असा शब्द होतो. मग प्रोग्रॅम न चालवता त्या फाइलीत नुसता शब्द शोधायचा. जो सापडेल तो पंथ. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडून सही करून घ्यावी तसा हा प्रकार. हे पहिल्यांदा उलगडले तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होतो. कोणी फारसे ऐकले नाही. असो.

नावांचा घोळ मात्र कोणत्याही युक्तीने सुटलेला नाही. ऑटोकॉन्फच्या परिभाषेत यंत्रे तीन. ‘बिल्ड’ म्हणजे ज्यावर आत्ता बांधकाम चालू आहे ते. ‘होस्ट’ म्हणजे बांधून झालेली वस्तू ज्यावर चालणार ते. ‘टार्गेट’ म्हणजे ती वस्तू स्वतः कंपायलर असेल तर तो ज्याच्या बोलीत लिहिणार ते. व्याख्या स्वच्छ आहेत. पण छोट्या यंत्रांच्या आमच्या धंद्यात बोलण्याची रीत निराळी : टेबलावरचा संगणक तो ‘होस्ट’ आणि हातातला बोर्ड तो ‘टार्गेट’. म्हणून बोर्डासाठी एखादे साधे ग्रंथालय बांधताना माणूस सहजपणे बोर्डाचे नाव ‘टार्गेट’मध्ये लिहितो. लिपी ते निमूट स्वीकारते, कारण ग्रंथालयाला टार्गेट नसतेच, आणि टेबलावरच्या संगणकासाठीच सगळे व्यवस्थित बांधून देते. एकही चूक दाखवली जात नाही. बोर्डावर नेल्यावर बोर्ड म्हणतो, ही बोली माझी नाही. माझ्या मते या क्षेत्रातल्या साऱ्या चुकांत ही सर्वांत वाईट, कारण तिला आवाज नाही. उपाय दोनच. बिल्ड आणि होस्ट ही दोन्ही नावे नेहमी जोडीने द्यायची, आणि बांधून झालेल्या फाइलीची जात ‘फाइल’ या आज्ञेने लगेच तपासायची.

तिन्ही यंत्रे वेगवेगळी असण्याचा प्रसंग आला तो धंद्याच्या गरजेतून. १९८९ साली जॉन गिलमोर, मायकेल टीमन आणि डेव्हिड हेन्केल-वॉलेस यांनी सिग्नस ही कंपनी काढली. मुक्त सॉफ्टवेअर फुकट, पण त्याची देखभाल विकत, असा तिचा व्यवहार. गिऱ्हाइकाला डॉस किंवा विंडोजवर चालणारा आणि तिसऱ्याच एखाद्या चिपसाठी लिहिणारा कंपायलर हवा असे, आणि तो बांधायचा असे यूनिक्स यंत्रावर. या त्रिकोणाला ‘कॅनेडियन क्रॉस’ असे नाव पडले. नामकरणाचे कारण ऐकून हसू येते : त्या काळी कॅनडात राष्ट्रीय पक्ष तीन होते. राजकारण बदलले, पक्ष बदलले, नाव तेवढे कायम राहिले.

आता चुका सोडवण्याच्या कलेकडे वळतो. मराठी वाचकाला ही कला मी एका ओळखीच्या वादातून सांगू शकेन. बखर आणि अस्सल कागद यांतला भेद वि. का. राजवाड्यांनी आपल्याला बजावून सांगितला. १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापताना त्यांचा आग्रह हाच, की बखरकार नंतर सांगतो, पत्र त्या दिवशीचे असते. कॉन्फिगर लिपी पडद्यावर जे सांगते ती बखर. ‘कॉन्फिग.लॉग’ नावाची फाइल ती शेजारी मुकाट लिहीत असते, तो अस्सल कागद. त्यात प्रत्येक प्रश्न, त्यासाठी लिहिलेला चिमुकला प्रोग्रॅम आणि कंपायलरने दिलेले मूळ उत्तर जसेच्या तसे असते.

उदाहरण द्यायचे तर या प्रांतात बदनाम झालेला एक संदेश घेऊ. जीसीसी बांधणे बरेच पुढे गेलेले असते आणि मध्येच लिपी म्हणते, ऑब्जेक्ट फाइलींचा प्रत्यय ठरवता येत नाही. नवखा माणूस प्रत्यय शोधत बसतो. हा प्रश्न मुळात आला कुठून? यूनिक्सवर अशा फाइलींच्या नावाला शेवटी नुसता ‘ओ’ लागतो, मायक्रोसॉफ्टच्या जगात ‘ओबीजे’. म्हणून लिपी एक जवळजवळ रिकामा प्रोग्रॅम देऊन कोणती फाइल उमटते ते पाहते. फाइलच उमटली नाही तर प्रत्यय कसला सांगणार! दोष प्रत्ययात नसून नुकताच जन्मलेला कंपायलरच उभा राहत नाही, हा आहे. लॉग उघडला की कारण पुष्कळदा एका ओळीत मिळते : जीएमपी, एमपीएफआर किंवा एमपीसी या गणिती ग्रंथालयांपैकी एखादे सापडत नाही. यालाही तारीख आहे. २००८च्या ४.३ आवृत्तीपासून जीसीसीला यांतली पहिली दोन अनिवार्य झाली, २०१०च्या ४.५पासून तिसरे. त्याआधीच्या मार्गदर्शिका वाचून बांधायला बसलेला माणूस इथे अडखळणारच. जुन्या नकाशावर नवे धरण नसते.

लॉग वाचण्यातही एक मेख आहे. जीसीसी ही एक इमारत नसून वाडा आहे. प्रत्येक चौकाचा कॉन्फिगर वेगळा आणि लॉगही वेगळा. दाराशी ठेवलेला लॉग वाचून माणूस म्हणतो, इथे तर सारे ठीक आहे. आतल्या चौकात, टार्गेटच्या नावाच्या फोल्डरमध्ये, खरा कागद पडलेला असतो. आणि तोही शेवटून वाचून चालत नाही, कारण शेवटी नुसत्या चलांच्या याद्या असतात. मधोमध जिथे पहिला नकार आहे तिथे थांबावे.

कोंबडी-अंड्याचा पेच या वाड्यातच राहतो. पूर्ण सी कंपायलर बांधायला टार्गेटच्या सी ग्रंथालयाच्या शीर्षफाइली हव्यात. ते सी ग्रंथालय बांधायला टार्गेटचा कंपायलर हवा. तोड अशी, की आधी असेम्बलर आणि लिंकर, मग शीर्षफाइलींविना चालणारा अर्धामुर्धा कंपायलर, मग कर्नलच्या शीर्षफाइली, मग त्या अर्ध्या कंपायलरने ग्रंथालय, आणि शेवटी त्या ग्रंथालयाच्या आधाराने पूर्ण कंपायलर. क्रम मोडला की लिपी पुन्हा भलतेच काही सांगते. कोणत्या आवृत्तीशी कोणती आवृत्ती नांदते हे तर अनुभवानेच कळे. डॅन केगल यांनी क्रॉसटूल ही स्वयंचलित लिपी काढली आणि कोणत्या जोड्या बांधल्या जातात, कोणत्या मोडतात यांची कोष्टकेच प्रसिद्ध केली. माझ्या मते हे या विषयातले सर्वांत प्रामाणिक लेखन. कारण त्यात अपयशांनाही यशाइतकीच जागा आहे. पुढे यान मोरिन यांच्या क्रॉसटूल-एनजीने हा वारसा चालवला, आणि आज बहुतेक लोक सारा क्रम त्याच्यावर सोपवतात.

नव्या चिपची गोष्ट राहिली. प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत यंत्रांच्या नावांची एक वही येते, ‘कॉन्फिग.सब’. वहीत नाव नसेल तर लिपी ‘यंत्र ओळखत नाही’ म्हणून दार लावते. २०११ साली आर्मने चौसष्ट बिटांची नवी बोली जाहीर केली तेव्हा त्याआधीच्या शेकडो सॉफ्टवेअरांतल्या वह्या एका क्षणात जुन्या ठरल्या. आत सगळे चालण्याजोगे असूनही दारावरच नाकारले जाई. नवी वही आणून ठेवली की काम होई. नव्या प्रोसेसरला स्वतःची बोली हवी की जुनी पत्करावी, हा म्हणून केवळ अभिमानाचा प्रश्न नसतो. २०१९ साली आयआयटी मुंबईने ‘अजित’ हा प्रोसेसर जाहीर केला. त्याने स्पार्क ही जुनी, खुली बोली घेतली. ती जीसीसीला अनेक वर्षे येते. मद्रासच्या आयआयटीच्या ‘शक्ती’ने रिस्क-व्ही घेतली. पहिल्या दिवसापासून क्रॉस कंपायलर हाताशी असणे हा अशा निवडीचा मोठा लाभ.

हा सारा खटाटोप तज्ज्ञांनी करावा, इतरांना त्याचे काय, असे वाटू शकेल. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात त्याच केन थॉम्पसननी दाखवून दिले होते की, कंपायलरमध्ये एखादा चोरदरवाजा असा लपवता येतो की त्याच्या लिखित मजकुरात मागमूसही राहू नये. जुना कंपायलर नव्या कंपायलरला तो पिढीजात रोगासारखा देत राहील. चाळीस वर्षे हा मुख्यतः बुद्धीला धक्का देणारा सिद्धान्त म्हणून शिकवला गेला.

मग २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केले की, ‘एक्सझेड’ या जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या संकोचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. त्यांना संशय आला तो दूरच्या यंत्रात प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो एवढ्यावरून. विष मूळ प्रोग्रॅमच्या वाचनीय मजकुरात नव्हते. ते चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींत होते, आणि त्यांना जागे करणारी ओळ होती कॉन्फिगर लिपी ज्यातून तयार होते त्या ऑटोकॉन्फच्या एका पुरवणी फाइलीत. तिचे नाव ‘बिल्ड-टू-होस्ट’. हजारो ओळींची ती लिपी कोणी वाचत नाही, हे लपवणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट सापडली, आणि मला तीच अधिक अस्वस्थ करते. या साधनाला पिंजऱ्यात ठेवून चालवण्याची एक सोय लिनक्समध्ये आहे. ती यंत्रावर उपलब्ध आहे का, हे ठरवण्यासाठी सीमेक या दुसऱ्या बांधणी-साधनाच्या फाइलीत नेहमीसारखाच एक चिमुकला चाचणी-प्रोग्रॅम होता : तयार झाला तर सोय आहे, न झाला तर नाही. त्या प्रोग्रॅमात एका ओळीच्या सुरुवातीला एक टिंब घातलेले होते. त्या टिंबामुळे तो प्रोग्रॅम कोणत्याही यंत्रावर कधीच तयार होणार नव्हता. लिपी प्रत्येक ठिकाणी ‘सोय नाही’ असे टिपून, पडद्यावर कसलीही तक्रार न करता पुढे जाणार होती. नंतर ज्यांनी तो बदल पाहिला त्यांच्यापैकी कित्येकांनी सांगितले की, टिंब आहे हे ठाऊक असूनही ते पहिल्या वाचनात दिसले नाही.